लाल गव्याची बाटली

१

घनश्याम लांजेवार मेला तेव्हा त्याच्या उजव्या हातात बिअरची बाटली होती आणि बाटलीवरचा लाल गवा शिंगं रोखून उभा होता. कोंढ्याच्या आमराईत ज्यांनी ते पाहिलं, त्या सगळ्यांनी मला आधी गव्याबद्दलच सांगितलं. मेलेल्याच्या चेहऱ्याबद्दल कोणी बोललं नाही.

१९८३ चा मे महिना होता. घनश्याम पवनीतल्या भातगिरणीचा मालक. गिरणीत नवं यंत्र बसलं म्हणून त्याने आमराईत जेवण ठेवलं होतं. बोलावलेली माणसं मोजकी: गिरणीचा मुनीम केशवराव, सोडा-लेमनच्या फॅक्टरीचा बाबूलाल आणि यंत्र बसवायला नागपूरहून आलेले दोन मिस्त्री. सगळ्यांनी एकाच टपात गार केलेली बिअर प्यायली. कोसळला तो घनश्याम एकटाच. धानावर फवारायचं औषध पोटात गेलं होतं, असं सरकारी डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या बाटलीत उरलेल्या घोटालाही तोच वास होता.

संध्याकाळी पोलिसांनी माझ्या मामाला धरून नेलं. भैय्यालालमामाचं बाजारात बिअरचं दुकान होतं आणि पार्टीचं क्रेट तिथूनच गेलं होतं.

मी त्या वर्षी बी.एस्सी. होऊन पवनीच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. सकाळी आनंदाबाई, माझी मामी, दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

“सत्या, तू शिकलेली हायेस. फौजदारासंगं बोलून पाहाय ना. त्याचा हात कोंबडीवर चालत नाही, थो मानसाले कायले मारन?”

फौजदार देशकर नुकतेच बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं मत तयार झालेलं होतं.

“बाटली सीलबंद होती, मॅडम. झाकण घनश्यामने स्वतः उघडलं. सीलबंद बाटलीत विष कोण घालू शकतो? जो विकतो तो. आणि कारण विचाराल तर गेल्या आठवड्यात भर दुकानात घनश्यामने तुमच्या मामाला झापड मारली. लेबल नसलेली बाटली दिली म्हणून! त्यावर तुमचा मामा काय बोलला, ठाऊक आहे? ‘मालक, याच गव्याच्या शिंगावर एक दिवस जासान.’ सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं.”

“पण साहेब, क्रेटमधली नेमकी तीच बाटली घनश्याम उचलेल, हे मामाला कसं कळावं? दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर?”

“तर दुसरा कोणी मेला असता. रागावलेला माणूस एवढा विचार करत नाही.”

बाहेर पडताना ठाण्याच्या ओट्यावर पार्टीतलं लाकडी क्रेट दिसलं. त्याच्या साऱ्या खणांत बाटल्या होत्या, काही रिकाम्या, बऱ्याच न उघडलेल्या. एकीवरही लेबल नव्हतं, नुसते वाळलेल्या खळीचे पांढरे ओरखडे. घनश्यामची बाटली आत कपाटात कुलपात होती.

मी ते क्रेट नीट पाहिलं आणि पुढे निघून गेले. काय पाहिलं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

२

कोठडीच्या गजांपाशी मामा उकिडवा बसला होता. एका दिवसात म्हातारा झाला होता.

“क्रेट माह्याच दुकानातलं. मीच भरून देल्लं. त्याच्यात खोट नाही, सत्या. पन माह्या तोंडानं घात केला. शिंगाची गोठ कायले बोललो मी?”

मी त्याला बाटल्यांबद्दल विचारायला लागले, तसा तो जरा सावरला. धंद्याचं बोलणं त्याला सोपं जात होतं. एकाच कंपनीची दोन लेबलं यायची. एकावर पांढरा सारस, निळ्या पाण्यात उभा. दुसऱ्यावर लाल गवा, काळ्या जमिनीवर, भोवती सोनेरी कडा.

“दोन्ही एकाच नळाचं पानी हाय. कंपनीचा मानूस सोता हासत हासत सांगून गेला. माल एकच, कपडे दोन. पन सारस वर्षभर धूळ खाते अन् गवा हातोहात जाते. गवा पेला का लोकाईचे पाय लटपटतात, आवाज चढते. तेच सारस देल्ली तर म्हनतात, भैय्यालाल, बायकाईचा शरबत देल्ला का बे? पहिले डोळे पेतात, मंग तोंड.”

“म्हणून तुम्ही गव्याच्या बाटल्या पश्चिमेच्या फळीवर मांडता?”

“तुले कसं समजलं?” त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. “दिवस कलला का ऊन थेट लाल रंगावर पडते. रस्त्यावरून जानारा थांबतेच.”

“मग लेबल नसलेली बाटली घनश्यामला का दिलीत?”

“देल्ली नाही, झाली. कंपनीची खळ कच्ची हाय ना. पान्यात घातलं का घडीभरात गवा पोहाले निंगते. माह्या टपाच्या बुडाशी कळपच्या कळप पडला असते. बाकीचे लोक समजून घेतात. घनश्याम मालक मात्र नागड्या बाटलीले हात लावत नोता. म्हने, कपडे उतरले तर गवा कोन अन् सारस कोन, हे कसं समजन? त्या दिवशी गर्दी होती, मी सोलवटलेली बाटली पुढे केली. अन् त्यानं मारलं.”

मी गजांजवळ सरकले. मग विचारलं, “मामा, आमराईत बाटल्या टपातच होत्या. सकाळपासून.”

“हो.”

“मग घनश्यामच्या बाटलीवर लेबल राहिलं कसं?”

मामाने माझ्याकडे पाहिलं. तो गज धरून उभा राहिला.

“राहत नाही, सत्या,” तो म्हणाला. “कदीच राहत नाही.”

३

आमराईत कोणीच नव्हतं. पोलिसांनी क्रेट नेलं होतं, पण पत्र्याचा टप तिथेच पडून होता. बाहेरून हिरव्या रंगात ‘बाबूलाल लेमन’ असं रंगवलेलं. गावात कुठलीही पार्टी असो, टप आणि बर्फ बाबूलालचाच असायचा. भंडाऱ्याहून येणारी बर्फाची लादी तो धानाच्या भुश्यात गुंडाळून ठेवी आणि सकाळीच जागेवर पोहोचवी. त्याचं तो काही घेत नसे.

टपातलं पाणी आता कोमट झालं होतं. हात घातला तर तळाशी लगदा लागला. एकेक कागद उलगडून मी दगडावर वाळत घातला. सगळे लाल गवे. त्यांचा रंग पाण्यात थोडा उतरून शिंगं गुलाबी झाली होती.

मग मी गवतात झाकणं शोधली. झाकणाच्या मध्यावर ओपनरचं एक वाकण पडतं, तसं प्रत्येकाला होतं. एका झाकणाला मात्र दोन होती. एक ताजं, आणि त्याच्या शेजारी दुसरं, ठोकून सपाट केलेलं, कडेला बारीक गंज धरलेलं. म्हणजे हे झाकण आधी एकदा निघालं होतं आणि कोणीतरी ते पुन्हा बसवलं होतं. हाताने असं झाकण बसत नाही. त्याला यंत्र लागतं.

ठाण्यात जाऊन मी देशकरांना घनश्यामची बाटली दाखवायची विनंती केली. आतला माल तपासणीला नागपूरला गेला होता; बाटली कपाटात होती. त्यांनी ती लांबून दाखवली, मग माझा चेहरा पाहून टेबलावर ठेवली.

लेबल सपाट बसलं होतं. कुठे सुरकुती नाही, फुगा नाही. खिडकीच्या उजेडात बाटली तिरपी केली तेव्हा कडेला तांबूस, चमकदार रेघ दिसली, पॉलिश केलेल्या लाकडासारखी.

“याचा एक कोपरा मला हवा,” मी म्हणाले.

“कशाला?”

“मामाचा जीव त्यावर अवलंबून आहे, साहेब. तुमच्या देखत घेते, तुमच्या सहीच्या पाकिटात ठेवा. अर्धा तुम्ही ठेवा.”

देशकरांनी बाटली स्वतः एकदा तिरपी करून पाहिली. मग त्यांनी हवालदाराला ब्लेड आणायला सांगितलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टपातल्या एका लेबलच्या मागे आयोडीनचा थेंब टाकला. कागद लगेच काळानिळा झाला. पिठाची खळ. आता कोपऱ्याचा तुकडा. थेंब टाकला आणि थांबले. तपकिरीचा तपकिरीच. पाण्यात घातला तर काही होईना. शेवटी स्पिरिटमध्ये टाकला तेव्हा कडा हळूहळू सुटली, स्पिरिट तांबूस झालं आणि एक वास आला. ओळखीचा वास होता. पण कुठला, ते आठवेना.

४

घनश्यामच्या घरी बायका बसल्या होत्या. त्याची बायको शकुनबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिने रडून घेतलेलं दिसत होतं आणि आता तिला बोलायचं होतं.

“तू भैय्यालालची भाची ना? बस. मले मालूम हाय लोक काय बोलून राहिले. शकुनबाई रोज भांडे, तिनंच घातलं असन.”

“भांडण कशावरून व्हायचं?”

“गव्यावरून. थो बाटली नाही, माही सवत होती.” तिने पदराने नाक पुसलं आणि एकदम हसली. “एकदा मी काय केलं, सारसची बाटली आनली अन् गव्याच्या रिकाम्या बाटलीत ओतली. झाकन काढलेलंच होतं. थाळीजवळ नेऊन ठेवली. दोन घोट पेले अन् म्हनतात कसे, शकुन, आज गवा उधळला! मंग दुसऱ्या दिवशी मी गव्याचीच नवी बाटली फोडून काचेच्या गिलासात देल्ली. तोंड वाकडं करून म्हने, हे पानी कोन आनलं?” हसता हसता तिला रडू फुटलं. “असा खुळा मानूस. त्याले मारून कोनाले काय भेटलं असन?”

तिच्याजवळ बाटली आणि औषध दोन्ही येऊ शकत होतं. पण झाकण बसवायचं यंत्र नव्हतं. मी तिथून गिरणीत गेले.

मुनीम केशवराव गादीवर पंख्याखाली बसले होते. घामाघूम. मला पाहून त्यांनी पान थुंकलं.

“मास्तरीनबाई, आता बिअरच्या चौकशा करून राहिल्या का? बाप काय म्हनन तुमचा?”

“बाप म्हणेल, मामाला सोडव. आमराईत काय झालं ते सांगा ना, काका.”

‘काका’ने ते थोडे मऊ झाले. “काय सांगू. टपातल्या साऱ्या बाटल्या सोलवटल्या होत्या. बाबूलाल टपापाशीच बसला होता. आमाले थोच एकेक काढून देत होता. मालकानं मात्र सोताच हात घातला. बर्फ उलथापालथा करून राहिले. आमी हासून राहिलो. अन् खालून एक निघाली, लेबलासकट! बाटली डोक्यावर धरून नाचले. म्हने, पाहा बे, साऱ्याईनं कपडे सोडले, माहा गवा इमानी निंगाला.”

मी विचारलं, “घनश्यामकाकांचं कोणाशी वैर होतं?”

“मालकाचं? नाही.” मग, कोणी विचारलं नसताना, ते बोलत गेले. “दिवाळीत गिरनीतला सुखदेव यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेला, तवा काही लोक बोलले. पट्ट्याले जाळी नव्हती म्हने. पन पोट्टा पेऊन होता ना! धान भिजवाच्या हौदात त्यानं बाटली थंड करत ठेवली होती. साऱ्या गावासमोर मीच काढली. पानी निथळून राहिलं होतं अन् लाल गवा कसा डोळ्यात भरत होता. मंग कोन काय बोलन?”

“सुखदेव कोणाचा?”

“लीलाबाईचा. बाबूलालचा सख्खा भाचा. पन बाबूलाल मोठ्या मनाचा. मालकासंगं त्याचं उठनं-बसनं पहिल्यासारखंच राहिलं.”

मी उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पाण्यातून काढलेली बाटली आणि तिच्यावरचा न सुटलेला गवा. ही गोष्ट मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

वळून पाहिलं तर केशवराव माझ्याकडे बघत नव्हते. पंख्याकडे बघत होते.

५

बाबूलालची फॅक्टरी म्हणजे पत्र्याची एक शेड. आत साखरेच्या पाकाचा आणि ओल्या पोत्यांचा वास. एका बाजूला गॅसचं सिलिंडर, दुसऱ्या बाजूला झाकण बसवायचं यंत्र. त्याचा दांडा हात लागून लागून चकचकीत झाला होता.

“ये, सत्या. उन्हात फिरून राहिली. लेमन पेतेस?”

उत्तराची वाट न पाहता त्याने बर्फाच्या टपातून बाटली काढली. हिरव्या पोपटाचं लेबल. सकाळपासून पाण्यात असूनही एक कोपरा उचललेला नव्हता. त्याने झाकण उडवलं आणि बाटली माझ्या हातात दिली. मी नाकापाशी नेली, तेव्हा लिंबाच्या आधी दुसरा वास आला. प्रयोगशाळेतला.

“काका, तुमचा पोपट उडत नाही?”

तो हसला. धंद्याची स्तुती झाली की माणूस जसा हसतो तसा. “थोच तर माहा पोपट! बाकीचे खळ लावतात. मी चपडा लाख लावतो, स्पिरिटात इरघळून. आपल्याच जंगलातली लाख. जत्रेत बाटली दिवसभर बर्फात राहते ना. लेबल निंगालं का गिऱ्हाईक म्हनते, नकली हाय. आतली लेमन तेच राहते, पन कोनी पेत नाही. मंग मी ठरवलं, माह्या हातचं लेबल पान्यात सुटनार नाही.”

मी एक घोट घेतला. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला. हसू गेलं होतं.

“भैय्यालाल सुटन ना?”

“ठाऊक नाही.”

“सुटाले पाहिजे. त्याचा काही दोष नाही.” त्याने टपातल्या पाण्यात हात बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. “मले मालूम हाय, त्याचा काहीच दोष नाही.”

एवढ्या खात्रीने ते फक्त एकच माणूस सांगू शकत होता. मी बाटली न संपवताच उठले.

मी निघाले तेव्हा त्याने हाक मारली. “बाटली वापस आनजो.”

“आणीन,” मी म्हणाले. आणि बाटली घेऊन सरळ ठाण्यात गेले.

६

ठाण्याच्या पायरीवर मी पुन्हा ते क्रेट पाहिलं, आणि या वेळी मला दिसलं. एकही खण रिकामा नव्हता.

देशकरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पण मान हलवली. “लाख, यंत्र, ठीक आहे. पण माणूस नुसत्या चित्रासाठी बाटली निवडतो आणि खुनी त्याच्यावर भरवसा ठेवतो? हे मला पटत नाही.”

“बाहेर दुकानातून दोन लेमन मागवा. एकीचं लेबल मी खरवडते. तुम्ही फक्त चव सांगा.”

त्यांनी दोन्ही घोट नीट घोळवून घेतले. मग पोपटाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. “यात गॅस जास्त आहे. दुसरी जरा उतरलेली.”

“दोन्ही एकाच पेटीतल्या, साहेब. तुमच्या हवालदारानेच आणल्या.”

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. देशकरांनी दोन्ही बाटल्या बाजूला सारल्या आणि बाबूलालला बोलावणं पाठवलं.

तो आला, टोपी हातात धरून बसला. त्याच्यासमोर मी घनश्यामची बाटली बादलीत बुडवायला सांगितली आणि शेजारी मामाच्या दुकानातली एक, लेबल असलेली. आम्ही वाट पाहत बसलो. थोड्या वेळाने दुकानातल्या बाटलीवरचा गवा एका कुशीवर झुकला आणि अलगद बुडाशी गेला. घनश्यामचा गवा तसाच उभा होता.

“ओट्यावरचं क्रेट भरलेलं आहे,” मी म्हणाले. “मामाने दिलेल्या सगळ्या बाटल्या त्यात परत आल्या. मग घनश्यामकाकांची बाटली आली कुठून? ती क्रेटमधली नव्हतीच. ती टपाबरोबर आली, बर्फाखाली. क्रेट येण्याआधी टप कोणाच्या हातात होता? झाकण दुसऱ्यांदा बसवायचं यंत्र या गावात कोणाकडे आहे? लेबल लाखेने कोण चिकटवतं? आणि दुपारपर्यंत बाकीच्या साऱ्या बाटल्या उघड्या पडतील, उरलेल्या एका गव्यासाठी घनश्यामकाका स्वतः हात घालतील, हे कोणाला पक्कं ठाऊक होतं? इतरांना बाटली काढून देणाऱ्याला. त्यामुळे ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नाही.”

बाबूलालने बादलीकडे पाहिलं. “सुटू देल्लं नाही,” तो हळू म्हणाला. “हात आयकतच नाही. लावलं का पक्कंच लावते.”

“सुखदेवसाठी?” मी विचारलं.

त्याने देशकरांकडे मान वळवली. “साहेब, दिवाळीत तुमच्या जागी दुसरे होते. सुखदेवची बाटली मुनीमजीनं हौदातून काढली तवा मी थ्याच काठावर उभा होतो. माहा भाचा पट्ट्याखाली चादर पांघरून पडला होता अन् लोक बाटली पाहून राहिले होते. मीही पाहिली. लेबल कोरं-करकरीत. पोट्ट्यानं सकाळीच बाटली पान्यात ठेवली म्हने. मंग गवा कसा राहिला? माह्यापेक्षा हे कोनाले जास्त समजन? थे बाटली थ्याच घडीले बुडवून काढली होती. मी फौजदाराले सांगतलं. थो हासला. म्हने, तू सोडा वीक.”

“आणि तू गप्प राहिलास,” देशकर म्हणाले.

“सहा महिने घनश्यामच्या पार्ट्याईले बर्फ नेला. दरवेळी वाटे, दारूच्या भरात एकदा तरी खरं बोलन. बोलला नाही.” त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “भैय्यालालले धरतील असं मले वाटलं नाही, सत्या. वाटलं, कंपनीवर जाईल, नाही तर पेऊन मेला म्हनतील. पेऊन मेला हे लोक लवकर मानतात. दोन दिवस मी तुह्या मामीच्या घरावरून गेलो नाही. रस्ता बदलून गेलो.”

“तुम्ही स्वतःहून आला असतात का?”

त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली. “मालूम नाही,” म्हणाला. “तू भाची होतीस म्हनून धावलीस. मी मामा होतो.”

हवालदाराने त्याला आत नेलं. त्याच कोठडीचं दार उघडलं, आणि माझा मामा बाहेर आला. दोघं दारात समोरासमोर आले. मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काय करावं ते न सुचून काढून घेतला.

७

देशकरांनी केशवरावांना बोलावून नुसती बादली दाखवली. दुसरं काही विचारावं लागलं नाही. मालकाने घरून बाटली आणली आणि आपण ती हौदात बुडवून काढली, असं ते रडत रडत सांगून मोकळे झाले. पट्ट्याला जाळी नव्हतीच. नव्या यंत्राला मात्र आता बसवली होती.

मामाचं दुकान पुन्हा उघडलं. महिनाभर गव्याला कोणी हात लावेना, म्हणून कंपनीने लेबल बदललं. आता त्यावर पिवळा वाघ आला. मामाने तो पश्चिमेच्या फळीवर मांडला. पहिल्याच संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं म्हणाली, भैय्यालाल, हा माल भल्ला कडक हाय बे. मामाने मला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही.

पण त्याआधी, मामा सुटला त्याच दिवशी, मी लीलाबाईकडे गेले होते. ती ओसरीवर मांडीत सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. भावाला नेल्याचं तिला कळलं होतं. मी खाली बसले.

“मावशी, सुखदेव प्यायलेला नव्हता. आता तसं पोलिसांच्या कागदावर येईल. गिरणीवाल्यांनी खोटं सांगितलं होतं.”

तिचे हात थांबले. “कोनं सांगतलं?”

मी तिला समजावून सांगितलं. कंपनीची खळ, पाणी, लेबल कसं सुटतं, त्या दिवशी ते का सुटलं नाही. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“म्हंजे लेबलानं सांगतलं.”

“हो.”

“मी त्याची माय होय,” ती म्हणाली. “दिवाळीपासून दारोदार सांगून राहिली का माहा पोट्टा पेत नोता. त्याले वासही सोसत नोता. गिरनीत सांगतलं, ठान्यात सांगतलं, हिरीवर बायकाईले सांगतलं. तुह्या मामीलेही सांगतलं. कोनी मानलं नाही.”

तिने मांडीवरचं सूप सरळ केलं.

“अन् आता माह्या भावाले थ्याच लेबलानं नेलं.”

तिने सुपातली वळलेली बिडी उचलली, दोरा गुंडाळला, दाताने तोडला. मग दुसरं पान घेतलं.

“जा माय,” ती म्हणाली. “उन्हाची आलीस, पानी पेऊन जा.”

तांब्या भिंतीशी होता. मी पाणी प्याले आणि निघाले.